येते हं

माझा आवाज ऐकून तुम्हाला उगाचच बरं वाटलं, अंग सैल पडलं, तर घरी गेल्यावर एकदा आपल्याला बेंबी आहे का ते बघून घ्या. नसेल, किंवा त्या जागी नुसता फिकट वण असेल, तर आपली जुनी ओळख आहे. तुम्ही मला पाहिलेलं नाही, मीही तुम्हाला पाहिलं असेलच असं नाही. पण आयुष्याच्या पहिल्या दिवसांत तुमच्या कानावर सगळ्यात जास्त पडला तो माझाच आवाज.

मी सुवार्ता लोंढे. मिरजेत मुलांच्या एका दवाखान्यात, जन्मतःच ऑपरेशन लागणाऱ्या बाळांच्या वॉर्डात मी सिस्टर होते. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. चर्चमागच्या गल्लीत दोन खोल्या आहेत. आमचे हे रेल्वेत गार्ड होते, ते गेले. मूलबाळ झालं नाही. एकटं वाटत नाही का, असं लोक विचारतात. मी म्हणते, मला एवढी पोरं आहेत की एकटं वाटायला वेळच नाही. ते हसतात आणि विषय बदलतात. पण मी ते हसण्यावारी नेण्यासाठी म्हणत नव्हते. रात्री अंथरुणावर पाठ टेकली की मी खरंच तसं मानत होते आणि त्याच्यावर माझा दिवस निभत होता.

काही बाळं पोटाला भोक घेऊनच जन्माला येतात. बेंबीच्या उजव्या अंगाला रुपयाएवढं छिद्र असतं आणि त्यातून आतडी बाहेर आलेली असतात. आईच्या पोटातल्या पाण्यात तरंगून ती सुजलेली, जाड झालेली असतात. सर्जननं ती आत ढकलावीत आणि टाके घालावेत, असं कुणालाही वाटेल. पण त्या चिमुकल्या पोटात आतड्यांसाठी जागाच झालेली नसते. कोंबली तर आतला दाब वाढतो, श्वास अडतो, लघवी बंद होते. म्हणून पूर्वी आम्ही बाहेरच्या आतड्यांवर एक पारदर्शक पिशवी बसवून ती बाळाच्या वर टांगून ठेवायचो. सर्जन रोज येऊन ती वरून जराशी आवळायचे. आतडी थोडी थोडी करत घरात जायची. सगळी गेली की भोक बंद करायचं, पुष्कळदा बाळाच्याच नाळेचा तुकडा त्यावर झाकणासारखा बसवून.

आमच्या डॉक्टर शेट्यांनी ती पिशवीच शहाणी केली. तिच्या कापडात असे धागे विणले की ते बाळाच्या पोटातला दाब ओळखत. पोट सैल असलं की धागे किंचित आखडत, पोट ताठरलं की थांबत. सर्जननं दिवसातून एकदा जे अंदाजानं करायचं, ते ही पिशवी क्षणाक्षणाला मोजून करी. ती बनवणाऱ्या कंपनीनं तिला लांबलचक नाव दिलं होतं. आम्ही तिला झोळी म्हणायचो.

अडचण एकच होती, रडण्याची. बाळ रडलं की पोट दगड होतं आणि झोळी थांबते. सारखी थांबत राहिली तर दिवस वाढतात, जंतू शिरतात. रडू नये म्हणून गुंगीचं औषध द्यावं, तर त्यानं श्वास मंदावतो. मग कंपनीच्या लोकांनी झोळीला कान लावले, म्हणजे बारीक मायक्रोफोन. वॉर्डातले सगळे आवाज एकीकडे आणि पोटांचे दाब दुसरीकडे ठेवून कॉम्प्युटरला विचारलं, की बाळाचं पोट कशानं सैल पडतं. कॉम्प्युटरनं शेकडो बाळांचं बघून उत्तर दिलं, की एक बाई दोन शब्द बोलते तेव्हा. ती बाई म्हणजे मी आणि ते शब्द म्हणजे 'येते हं'.

आता हे मी काही मुद्दाम शोधून काढलेलं नव्हतं. निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ज्या वॉर्डात रोज जीव टांगलेले, तिथं तर मी ते फारच कडक पाळायचे. नवी शिकाऊ नर्स 'सिस्टर, मी जाते' म्हणाली की तिला दाराबाहेरून परत बोलवायचे आणि 'येते' म्हणूनच सोडायचे. पोरी मागे मला हसायच्या. बाळाचं सगळं आटपलं की त्याच्या कपाळाला बोट लावून मी म्हणायचे, "येते हं, राजा," आणि पुढच्या खाटेकडे वळायचे.

कंपनीनं मला एका बंद खोलीत बसवून ते शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावले. मग ते झोळीत भरले. आधी माझा आवाज, मग जिभेवर साखरपाण्याचा थेंब, मग झोळीचा हलका दाब. थोड्याच दिवसांत बाळ थेंबाशिवायही नुसत्या आवाजानं सैल पडायचं. गुंगीचं औषध जवळजवळ सुटलं. झोळ्या मिरजेतून पुण्याला, हुबळीला, पार आसामपर्यंत गेल्या आणि सगळीकडे माझेच मराठी शब्द गेले, कारण कामाला येणारी गोष्ट बदलायची कशाला? तिथल्या नर्सांना अर्थ कळत नव्हता. बाळांना कळतोय, एवढं मला पुरे होतं.

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी चर्चहून येऊन मी भाताला फोडणी देत होते. दारावर थाप पडली. दारात एक काटक, उन्हानं रापलेली तरुणी उभी होती आणि तिच्या कडेवर तीनेक वर्षांचा मुलगा अंग टाकत होता. पायांनी तिच्या मांडीवर लाथा मारत होता.

"कोण पाहिजे गं?" मी विचारलं.

मुलाचे पाय थांबले. त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मग दोन्ही हात पुढं केले आणि माझ्याकडं झेपावला. मी घेतला तर खांद्यावर डोकं टाकून असा निवांत पडला, जसं काही माझ्याच घरातून उठून बाहेर गेला होता. मला काय झालं ते सांगते. मला आनंद झाला. इतका की गॅसवर फोडणी जळतेय हे कळूनही मी हलले नाही. मग त्या मुलीच्या पडलेल्या तोंडाकडं लक्ष गेलं आणि मी आत जाऊन गॅस बंद केला.

तिचं नाव ऋतुजा सरगर, जतकडची. डोंगरावर ज्या पवनचक्क्या आहेत त्यांच्या दुरुस्तीचं काम ती करते. कमरेला दोर बांधून वर चढायचं, काही दिवस तिकडंच राहायचं आणि मग घरी यायचं. मुलगा मल्हार. तो झोळीतला होता. मुलाबद्दल काही विचारायला ती वॉर्डात गेली होती, तिथल्या कुणीतरी तिला माझा पत्ता दिला होता.

भात खाता खाता तिनं सगळं सांगितलं. नवऱ्याशी, अक्षयशी, पटेनासं झालं होतं. सोडचिठ्ठीला तिची ना नव्हती, पण तो मुलगा मागत होता. आता सांगलीच्या कोर्टात अशा वेळी एक ओढ-चाचणी करतात. खेळण्यांच्या खोलीत मुलाला बसवतात. भिंतीतला कॅमेरा लांबूनच चेहऱ्याच्या रंगावरून नाडी मोजतो, छातीपोटाच्या हालचालीवरून श्वास मोजतो. आई किंवा बाप खोलीबाहेर गेला की पोराच्या जिवाची किती घालमेल झाली, त्याचा आकडा काढतो. अक्षय बाहेर गेला तेव्हा मल्हारनं रडून खोली डोक्यावर घेतली. ऋतुजा बाहेर गेली तेव्हा तो हसला आणि दाराकडं तोंड करून शांत बसून राहिला. यंत्राच्या मते त्याला आईची ओढ नव्हती.

"घरात पण तसंच ओ मावशी," ती म्हणाली. "मी ड्युटीवर निघाले की शेजारणीची पोरं गळ्यात पडून रडत्यात. ह्यो हसतोय. सासूबाई म्हणत्यात, बघ, सुंठीवाचून खोकला गेला म्हणतंय पोरगं. मी वर चढल्यावर तेच डोक्यात फिरतंय. पोरालाच नको असले तर मी भांडू कशाला?"

मी तिला सहज विचारलं, घरातून निघताना काय म्हणतेस?

"काय म्हणणार? येते हं म्हणते की."

मल्हार माझ्या मांडीवर होता. तिनं ते शब्द उच्चारले आणि माझ्या हाताखाली त्याचं पोट मऊ पडलं. मी जन्मभर पोटांवर हात ठेवलेले आहेत, मला चुकायचं नाही. मी त्याच्याकडं पाहिलं, तर तो हसत होता आणि दाराकडं बघत होता.

अक्षय काय म्हणून निघाला होता, ते विचारलं. ती म्हणाली, ते 'बाय' म्हणत्यात.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर शेट्यांकडं गेले. ते सांगलीत विश्रामबागेत राहतात. व्हरांड्यात गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. म्हणाले, शब्दांच्या अर्थाचा घोळ त्यांना नंतर कळला होता. कंपनीच्या त्या टोळीत मराठी कुणालाच येत नव्हतं. त्यांनी भाषांतराच्या यंत्राला अर्थ विचारला आणि यंत्रानं सांगितलं, 'मी येत आहे.' बाळाला आणखी काय हवं, म्हणून त्यांनी मी शेवटी म्हणायचे ते शब्द सुरुवातीला घातले. म्हणजे आपण ज्या शब्दांनी निरोप घेतो, त्या शब्दांनी झोळीतल्या पोरांना कुणीतरी येतंय, जिभेवर गोड ठेवणार आहे, असं शिकवलं. आई 'येते' म्हणून निघाली की ती पोरं आनंदानं तिची वाट बघत बसतात. आणि वाट बघणं मोजता येत नाही, ते शांतपणासारखंच दिसतं.

मी म्हटलं, शब्दांचं समजलं. पण आवाज तर माझा होता. त्या आवाजानं पोरं आधीपासूनच शांत होत होती, साखर आली त्याच्या आधीपासून.

डॉक्टरांनी पाय बादलीतून बाहेर काढले. मग त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, तुम्ही ते शब्द कधी म्हणायचात?"

"काम आटपल्यावर."

"म्हणजे सुई टोचून झाली, नळी बदलून झाली, ड्रेसिंग झालं, की मग."

"हो."

"मग बघा," ते म्हणाले. "तुमच्या आवाजानं पोट सैल पडत नव्हतं. तुम्ही निघालात म्हणून पडत होतं."

त्यांच्या बायकोनं चहा आणला होता. मी तो पूर्ण प्यायले. त्या बाळांना माझा हात म्हणजे दुखणं होतं आणि माझा आवाज म्हणजे दुखणं संपल्याची खूण होती, हे इतकं साधं होतं की मला इतकी वर्षं सुचू नये याचंच नवल वाटलं. माझ्या हातात रोज सुई होती, मला ती दिसत नव्हती एवढंच. रात्री पाठ टेकल्यावर मी ज्या पोरांना मोजायचे, ती सगळी मी एकदाची निघावी म्हणून वाट बघणारी पोरं होती. मला खूप लागलं. डॉक्टरांना ते दिसलं असणार, कारण ते घाईघाईनं म्हणाले, की पुढं साखरेमुळं खरंच गोडी लागली, आता मुलांना तुमचा आवाज आवडतो हे खोटं नाही. मी म्हटलं, साखर आवडते डॉक्टर, कुणाच्याही आवाजातून दिलीत तरी आवडली असती.

मग आम्ही कामाचं बोललो. ते लेखी निवेदन द्यायला तयार होते, पण नुसत्या कागदावर न्यायाधीश यंत्राचा आकडा खोडतील असं त्यांना वाटत नव्हतं. चाचणी पुन्हा व्हायला हवी होती आणि तिच्यात आईनं वेगळा शब्द वापरायला हवा होता. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. हे कोर्टापुढं मांडलं की दवाखान्याला झोळीतला आवाज बदलावा लागेल. सगळीकडंच. पुढच्या पोरांच्या आयांवर तीच पाळी आणायची नसेल, तर दुसरा मार्ग नव्हता. तुमची हरकत नसेल तरच मी पुढं जातो, असं ते म्हणाले. त्यांनी विचारायलाच नको होतं. विचारलं म्हणून मला एक दिवस थांबावंसं वाटलं आणि मी थांबलेही. त्या एका दिवसात मी शेजाऱ्यांशीही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, करा.

ऋतुजाचं मन वळवणं त्याहून अवघड गेलं. तिला सगळं पटलं, पण 'जाते' म्हण, म्हटल्यावर ती हटून बसली.

"न्हाई मावशी. ते सोडून काय पण म्हणते."

मी सांगितलं, काहीही चालणार नाही. 'बाय' बापाचं आहे, वकील म्हणेल पोराला बापाची आठवण झाली म्हणून रडला. आणि मल्हारला अर्थ कळेल असा साधा, घरातला शब्द पाहिजे.

"मी त्या टॉवरवर दोरावर लटकत असते ओ. आईनं सांगितलेलं हाय, काय पण होऊ दे, उंबऱ्यावर तेवढं म्हणू नकोस. 'जाते' म्हणून निघाले आणि खाली आलेच न्हाई तर?"

मी तिला काय सांगणार? मी स्वतः पोरींना दाराबाहेरून परत बोलवत आले होते. असल्या गोष्टी खऱ्या नसतात, असं सिस्टर म्हणून म्हणायला पाहिजे होतं, पण माझ्या तोंडून ते निघेना. शेवटी मी म्हटलं, ऋतुजा, तू 'जाते' म्हणालीस तर काय होईल ते देवाला ठाऊक. नाही म्हणालीस तर पोरगं आटपाडीला सासूकडं जाईल, हे तुला मला दोघींना ठाऊक आहे. ती रडली. मग तिनं विचारलं, तो 'जाते' म्हटल्यावर पण हसला तर?

कोर्टातल्या समुपदेशक इनामदार बाई भल्या निघाल्या. डॉक्टरांचं निवेदन त्यांनी नीट वाचलेलं होतं. आधी मला तुमचा आवाज बघायचा आहे, म्हणाल्या. आवाज बघायचा, हा शब्द मला आवडला. खेळण्यांच्या खोलीत मल्हार खाली बसून लाकडी ठोकळ्यांवरून ऋतुजाच्या कंपनीच्या गाडीसारखी एक गाडी चढवत होता आणि ती घसरत होती म्हणून वैतागला होता. पडद्यावर त्याच्या श्वासाची रेघ वरखाली नाचत होती. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हटलं, "येते हं, राजा." रेघ खाली येऊन सपाट झाली. मल्हारनं माझ्याकडं पाहून तोंडभर हसून घेतलं. इनामदार बाईंनी चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाल्या, की तुम्ही आता उठून गेलात तर तेही मोजलं जाईल, म्हणून इथंच बसा, पण एक शब्दही बोलायचा नाही. खोकायचंसुद्धा नाही. मी मान हलवली.

अक्षयही आला होता. तो बाहेर बाकावर बसला होता. वाईट माणूस वाटला नाही. पोराला भेटायला येताना त्यानं चिक्की आणली होती, ती हातात तशीच होती.

ऋतुजा थोडा वेळ मल्हारशी खेळली. मग उठली. दारापर्यंत गेली, दाराला हात लावला आणि तिथंच उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. उंच टॉवरवर बिनदिक्कत चढणारी ती मुलगी, दाराची चौकट सोडत नव्हती. मला वाटलं, नाही जमणार तिला.

"मल्हार," ती म्हणाली. "मी जाते."

त्यानं वर पाहिलं. "कुटं?"

"जाते रे," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

तो दाराकडं बघत राहिला. गाडी त्याच्या हातात होती. पडद्याकडं बघायची माझी छाती होईना, म्हणून मी त्याच्याकडंच बघत होते. त्याचा खालचा ओठ वर चढला. सदरा पोटावर आत ओढला गेला. मग तो ओरडला. बेंबीच्या देठापासून ओरडणं म्हणतात ना, तसा. ज्या पोराला देवानं बेंबी ठेवलीच नाही, जिथं नाळेचं झाकण बसवून वॉर्डात भोक बुजवलं होतं, तिथून तो ओरडत होता. "आई, जाऊ नको," एवढेच शब्द होते. दारावर मुठी मारत होता. इनामदार बाईंनी पडद्याकडं पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

नियमाप्रमाणे आईला थोडा वेळ बाहेर राहावं लागतं. तेवढ्यात मल्हार वळला. खोलीत त्याच्या ओळखीचं असं मीच होते. धावत आला आणि माझ्या मांडीवर चढला. हुंदक्यांनी त्याचं पोट माझ्या पोटावर आपटत होतं, पोट दगड झालेलं होतं. त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"आज्जी, बोल."

मी तोंड मिटून बसले.

"बोल की," तो म्हणाला आणि त्यानं आपली बोटं माझ्या ओठांत घातली, ओठ उघडायला बघू लागला. त्याची बोटं अश्रूंनी खारट झाली होती. मी बोलले असते तर तो त्या क्षणी निवला असता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका पोराला मी निघून जावं म्हणून नाही, मी राहावं म्हणून माझा आवाज हवा होता. निदान मला तसं वाटलं. आणि मी बोलले असते तर तो आकडा खाली आला असता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्यानं उपयोग होत नव्हता. माझ्या हाताचा कधीच झाला नव्हता.

दार उघडलं. ऋतुजा आत आली तसा तो माझ्या मांडीवरून उतरला नाही, उडालाच. तिच्या गळ्याला मिठी मारली, तिला मारलं, तिचे केस ओढले आणि आणखी मोठ्यानं रडू लागला. ती खाली फरशीवरच बसली. न्हाई जात, कुटं न्हाई जात, असं काहीतरी ती म्हणत होती. इनामदार बाईंनी पडदा बंद केला. आता याची गरज नाही, म्हणाल्या. दारात अक्षय चिक्की घेऊन उभा होता. तो आत आला नाही.

मी पर्स उचलली. झोळीतून माझा आवाज पुढच्या महिन्यात निघणार होता. आता ज्याच्या त्याच्या आईचा आवाज भरणार आणि शब्द निवडताना आधी त्या गावच्या माणसाला विचारणार, असं डॉक्टरांनी कळवलं होतं. चांगलंच झालं ते. मी दाराशी आले आणि सवयीनं वळले. शब्द अगदी जिभेवर आला होता. मल्हार आईच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत होता, अजून हुंदके देत होता. मी दार हळूच लावून घेतलं.

जिन्यात ऋतुजाची हाक ऐकू आली. मावशी, न सांगताच निघालात? मी मागं न बघता हात वर केला. एक मजला खाली उतरले, रस्त्यावर आले, तरी त्याचं रडणं ऐकू येत होतं. माझ्या सगळ्या नोकरीत इतकं मोकळं रडणं मी ऐकलं नव्हतं. आम्ही ते कधी होऊच दिलं नाही.

मिरजेची बस लागलेली होती. हल्ली कंडक्टर नसतो, दारातलं यंत्रच विचारतं. त्यानं विचारलं, "कुठे जायचं आहे?"

मी सांगितलं, असं मला वाटलं.

"आवाज आला नाही," यंत्र म्हणालं. "कृपया पुन्हा बोला."

मागं लोक खोळंबले होते. मी घसा खाकरला आणि मिरज म्हणाले.